मला दिसले, आम्हांला समजले

आमची ख्रिस्ती मंडळी, म्हणजे उपासकांचा समुदाय, ज्या गाळ्यात उपासनेसाठी जमते, त्याचा अकरा महिन्यांचा भाडेकरार पुढच्या महिन्यात संपत आहे आणि तो वाढवायचा नाही, असे मालकांनी स्पष्ट कळवले आहे. ही बातमी समजल्यावर गेल्या रविवारी काहींनी ‘देव आपल्याला दुसरीकडे नेत आहे’ असे म्हटले, तर काहींनी ‘हा सैतानाचा अडथळा आहे, हटायचे नाही’ असे सांगितले. घटना एकच, तिचे अर्थ मात्र अगदी उलट, आणि दोन्ही अर्थ तितक्याच खात्रीने देवाच्या नावावर मांडलेले. तीन वर्षांपूर्वी ही मंडळी सुरू करताना मीही असाच बोललो होतो, म्हणून त्या वेळी काय घडले ते लिहून काढावेसे वाटले.

आम्ही सात कुटुंबे. बहुतेकांची मुळे नगर जिल्ह्यातील, पोटापाण्यासाठी पिंपरी-चिंचवडच्या पलीकडच्या औद्योगिक पट्ट्यात येऊन राहिलेली. रविवारच्या उपासनेसाठी शहरातील जुन्या चर्चमध्ये जायचे, तर दोन बस बदलाव्या लागत, आणि लहान मुले व म्हातारी माणसे हळूहळू घरीच राहू लागली होती. एका रात्री प्रार्थना करताना माझ्या मनात विलक्षण खात्री उत्पन्न झाली की, महामार्गालगतची एक मोकळी जागा देवाने आमच्यासाठीच राखून ठेवली आहे. पुढच्याच घरसभेत मी सर्वांसमोर ‘देवाने मला सांगितले आहे’ असे जाहीर केले. सगळे गप्प झाले. त्या शांततेला मी संमती समजलो. वास्तविक ते वाक्यच असे आहे की, त्याला विरोध करणारा माणूस आपोआप देवाच्या विरोधात जाऊन उभा राहतो. शेवटी आमच्यातल्या सर्वांत वयस्क मावशी म्हणाल्या, “तुला सांगितलं असेल बाबा, मी नाही म्हणत नाही. पण जागेचे हप्ते आम्ही सगळ्यांनी भरायचे, तर आम्हांलाही थोडं सांगू दे की त्याला.”

मला राग आला होता, हे कबूल करतो. त्या रागातच मी बायबलमधील प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा सोळावा अध्याय काढला, कारण ख्रिस्ताचा संदेश सांगत फिरणाऱ्या पौलाला रात्री झालेल्या दृष्टान्ताचा दाखला मला माझ्या बाजूने द्यायचा होता. पण वाचताना एक एक गोष्ट माझ्याच विरुद्ध जाऊ लागली. दृष्टान्त होण्याआधी पौल आणि त्याचे सोबती दोनदा अडवले गेले होते: आशिया या रोमन प्रांतात (आजच्या तुर्कस्तानचा पश्चिम भाग) वचन सांगण्यास पवित्र आत्म्याने मना केली, आणि बिथुनियात जाऊ पाहिले तेव्हा तेथेही जाऊ दिले नाही. कारण एकदाही सांगितलेले नाही. मग त्रोवस या बंदरात, समुद्रापलीकडच्या मासेदोनियाचा एक माणूस ‘इकडे येऊन आम्हांला साहाय्य करा’ अशी विनंती करताना पौलाला दिसतो. दिसतो तो एकट्या पौलाला, पण ‘देव आपल्याला बोलावत आहे’ असा निष्कर्ष मात्र ‘आम्ही’ काढतो. या पुस्तकात लेखक स्वतःला प्रवाशांमध्ये धरून ‘आम्ही’ म्हणू लागतो तो नेमका याच जागी. मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थही तुकडे एकत्र जुळवून अनुमान काढणे असा आहे. म्हणजे दृष्टान्त हा त्या जुळवाजुळवीतला एक तुकडा होता, सगळे चित्र नव्हे.

आणि पुढची मौज अशी की, मासेदोनियातील फिलिप्पै नगराला पोहोचल्यावर दृष्टान्तातला पुरुष कोठेच भेटत नाही. भेटतात त्या नदीकाठी प्रार्थनेसाठी जमलेल्या स्त्रिया, आणि त्यांतील जिचे अंतःकरण प्रभू उघडतो ती जांभळी वस्त्रे विकणारी लुदिया मूळची थुवतीरा नगरातील, म्हणजे ज्या आशिया प्रांतात बोलण्यास मना झाली होती तेथलीच. तिच्या घरातून फिलिप्पैच्या मंडळीचा आरंभ झाला. देव मार्ग दाखवतो, पण आपण मनात काढलेल्या नकाशाला तो बांधलेला नसतो, हे इतके ठळकपणे लिहिलेले असूनही मी तो अध्याय अनेकदा वाचून पुढे गेलो होतो.

त्यानंतर आम्ही दर शुक्रवारी उपास-प्रार्थना ठेवली आणि सहा महिने जागेचा निर्णय घ्यायचा नाही, असे ठरवले. बायबलमधील गिदोनाने देवाकडे खूण मागताना ठेवली होती तशी लोकर अंगणात ठेवावी, म्हणजे काही चिन्ह मागावे, अशी एक सूचना आली होती. ती मला पटली नाही, कारण गिदोनाला देवाने काय करायचे ते आधीच सांगितले होते, लोकर ही त्याच्या घाबरेपणाची खूण होती. त्याऐवजी आमच्या खजिनदारांनी त्या मोकळ्या जागेचा सातबारा काढून आणला. त्यावर अकरा वारसांची नावे होती, दोघांचा आपसांत दावा चालू होता आणि जमीन बिगरशेती झालेली नव्हती. इसार देण्याच्या तयारीत असलेला मी त्या कागदाकडे बराच वेळ पाहत राहिलो. प्रार्थनेच्या सभेत सातबारा वाचणे म्हणजे विश्वासाची उणीव, असे मानणारी माणसे आपल्यात पुष्कळ आहेत. माझे मत असे झाले की, त्या दिवशी आम्हांला मिळालेले मार्गदर्शन तलाठी कार्यालयातून आले.

महाराष्ट्रातल्या मिशनचा आरंभही बंद दारांपाशीच झाला, हे आपण सहसा विसरतो. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी 1812 साली जहाजाने निघाले तेव्हा मुंबईला जायचे असे काही ठरलेले नव्हते. त्या तुकडीसाठी ब्रह्मदेशाचाही विचार होता. कलकत्त्याला उतरताच ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने त्यांना देश सोडण्याचा हुकूम दिला, तेव्हा ते फेब्रुवारी 1813 मध्ये मुंबईला आले. येथेही त्यांना इंग्लंडला पाठवून देण्याचे आदेश होते. गव्हर्नर सर एव्हन नेपियन यांच्याकडे त्यांनी विनंतीअर्ज केले, मध्येच गुपचूप सिलोनकडे निसटण्याचा प्रयत्नही केला आणि कोचीनहून ते परत आणले गेले. हा शेवटचा तपशील मला फार जवळचा वाटतो, कारण देवाने बोलावलेली माणसेही कोंडीत सापडली की स्वतःच वाट शोधू लागतात. अखेर त्यांना राहू दिले गेले. नॉट 1815 मध्ये आजारपणामुळे परतले; हॉल 1826 साली पटकीने मृत्यू येईपर्यंत येथेच राहिले. त्या तेरा वर्षांत बाप्तिस्मा घेतलेली माणसे बोटांवर मोजण्याइतकी होती. ज्या नगरच्या मिशनशी आमच्यातल्या अनेक घराण्यांचे नाते आहे, त्याचे काम 1831 साली सुरू झाले, म्हणजे हॉल गेल्यानंतर पाच वर्षांनी. आकड्यांवरून देवाची इच्छा ठरवायची असती, तर हॉल यांनी कधीच गाशा गुंडाळायला हवा होता.

आमच्या बाबतीत निर्णय जुन्या चर्चमधून झाला, हे येथे नोंदवले पाहिजे. प्रेषितांच्या काळी अंत्युखिया नगराच्या मंडळीने उपास व प्रार्थना करून बर्णबा आणि शौल (म्हणजेच पौल) यांच्यावर हात ठेवले व त्यांना रवाना केले, तसे आम्हांलाही कोणी पाठवावे, अशी मावशींची अट होती. ‘भांडून निघालेल्या मंडळीत मी बसणार नाही’, असे त्यांचे शब्द. पाळकसाहेबांना आधी शंका होती, कारण माणसे फोडून नवी मंडळी काढण्याचे प्रकार त्यांनी पाहिले होते. तरी चर्चच्या पंचांच्या दोन बैठकांनंतर त्यांनी भर उपासनेत आमच्यासाठी प्रार्थना केली, जुनी गीतपुस्तके आणि एक बाजाची पेटी दिली, आणि महिन्यातून एकदा प्रभुभोजनासाठी, म्हणजे भाकर व द्राक्षारसाच्या विधीसाठी, येण्याचे मान्य केले. धर्मादाय आयुक्तांकडे न्यास नोंदवण्याचे काम खजिनदारांनी अंगावर घेतले. जागा म्हणून मिळाला तो हा गाळा, पूर्वीचे हार्डवेअरचे दुकान. पहिल्या उपासनेच्या वेळी भिंतीला रंगाचा आणि गंजाचा वास येत होता.

सात कुटुंबांची सोय व्हावी म्हणून सुरू केलेल्या त्या गाळ्यात तिसऱ्याच महिन्यात जालना-नांदेडकडची कंत्राटी कामगार मुले येऊ लागली. एका खोलीत पाच-पाच जण राहणारी, रविवारी पाळीवर जाणारी मुले. आमच्या भागातील अनेक कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, त्यामुळे त्यांनी गुरुवारी संध्याकाळी उपासना मागितली. प्रभूचा दिवस रविवार, तो सोडायचा कसा, यावर चांगलाच वाद झाला आणि तो पूर्ण मिटलेला नाही. आज रविवारी आम्ही तीस जण असतो, तर गुरुवारी पन्नासच्या वर. आमच्या योजनेत ही मुले नव्हती. मावशी गुरुवारी त्यांच्यासाठी चहा करतात.

करार संपण्याची बातमी मुलांना सांगितली तेव्हा त्यांच्यातल्या एकाने, ते राहतात त्या वस्तीतील एका पत्र्याच्या शेडचा पत्ता दिला. ती जागा आमच्या घरांपासून दूर आहे आणि तिथवर रिक्षा जात नाही. मला ती मुळीच आवडलेली नाही. येत्या शुक्रवारी उपास-प्रार्थना आहे. खजिनदार शेडचे कागद आणि मागच्या वर्षाचा हिशेब घेऊन येणार आहेत, आणि गुरुवारच्या मुलांपैकी दोघांनी पाळी बदलून घेतली आहे, म्हणजे या वेळी बोलायला तेही असतील.