पडद्यावर दिसलेलं काळीज

पहाटेच्या गाडीने अमळनेरहून जळगावला गेलो, आता घरी आलोय. पुतणी तीन महिन्यांची. वहिनी केव्हाची सांगत होती, "दूध पेता पेता थकी जास माय, कपाळवर घामच घाम." आम्ही उन्हाळ्यावर ढकललं. वजनही वाढत नव्हतं. अंगणवाडीत तपासणीला आलेल्या पथकातल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि लगेच टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायला सांगितलं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची ही पथकं 2013 पासून फिरतात. मला आजवर त्यांचं मोल कळलं नव्हतं.

आज जळगावला इकोत दिसलं, हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक आहे, त्याला व्हीएसडी म्हणतात. शुद्ध रक्त त्यातून पुन्हा फुप्फुसांकडे जातं, म्हणून बाळाला धाप लागते. लहान भोकं पुष्कळदा आपोआप बुजतात. हिचं मोठं आहे. आधी औषधं आणि वजन वाढवणं, मग ऑपरेशन करून भोकावर पॅच, म्हणजे ठिगळ, लावतील.

वहिनीने हळूच विचारलं, "ग्रहणात मी भाजी चिरली होती, त्यामुळे का?" सात महिन्यांची गरोदर असताना. घरातल्याच बायकांनी तिला तसं ऐकवलं होतं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, बाळाचं हृदय पहिल्या दोन महिन्यांतच घडतं, तुमच्या हातून काही चुकलेलं नाही. वहिनी तिथेच रडली. तीन महिने ती हे एकटीच सोसत होती, याचं मला फार वाईट वाटतंय.

दूध पिताना घाम, वारंवार न्यूमोनिया, ओठ निळसर दिसले तर थांबू नका, दाखवाच.

आत्ता ती झोपलीय. वहिनी उशाशी बसून श्वास मोजतेय.