तासाभराचा हिशेब

रविवार, रात्री साडेदहा

आज दिवसभर एकच गाणे ऐकले, आणि तेही तीन गळ्यांतून. मूळ गाणे इटालियन, ‘इओ के नॉन विवो’. चाल आणि आवाज पिनो दोनाज्जोचा, शब्द व्हितो पाल्लाविचिनीचे. व्हेनिसजवळच्या बुरानो बेटावर जन्मलेला, व्हायोलिन शिकत वाढलेला हा पिनो १९६५ च्या जानेवारीत सानरेमोच्या गीतमहोत्सवात हे गाणे गायला उभा राहिला, तेव्हा तो अवघा तेवीस वर्षांचा होता. महोत्सवात पहिला क्रमांक दुसऱ्याच गाण्याला मिळाला, पण विक्रीत मात्र पुढे हेच गाणे इटलीत अव्वल ठरले.

सुरुवातीला तो जवळजवळ बोलल्यासारखा, खालच्या सुरात सांगतो की, रोजच्यासारखेच आपण दोघे इथे आहोत, पण आज तू अधिक उदास आहेस आणि त्याचे कारण मला ठाऊक आहे. मग ध्रुवपदात आवाज एकदम मोकळा सोडून तो विचारतो: तुझ्याविना एका तासाहून अधिक जो जगत नाही, तो मी जन्मभर कसा राहू? पाठोपाठ ‘तू माझी आहेस’ हेही ठासून सांगतो. हा विनवणीइतकाच हक्काचा सूर आहे.

त्याच महोत्सवात गायला आलेल्या डस्टी स्प्रिंगफील्ड या ब्रिटिश गायिकेने हे गाणे ऐकले आणि भाषा कळत नसतानाही तिचे डोळे भरून आले, असे सांगतात. इंग्रजी शब्दांचा योग मात्र १९६६ मध्ये आला. ते लिहिले व्हिकी विकहॅम आणि सायमन नेपियर-बेल या तिच्या दोन परिचितांनी; दोघांपैकी कोणीही मुरलेला गीतकार नव्हता. त्या रात्री दोघांना एका डिस्कोत जायचे होते, म्हणून तासाभरात काम उरकायचे ठरले आणि उरलेले कडवे टॅक्सीत पुरे झाले, अशी नेपियर-बेलची आठवण आहे. ज्या तासापलीकडे मूळ नायकाला जगता येत नव्हते, तेवढ्याच तासात त्याची कैफियत पार उलटली, याची मला गंमत वाटते. ‘यू डोन्ट हॅव टू से यू लव्ह मी’ची नायिका म्हणते की, प्रेम आहे असे म्हणू नकोस, कायमचा राहूही नकोस, फक्त जवळपास अस. आधी चाल आणि मग शब्द ही रीत आपल्याकडेही जुनीच आहे. पण चालीवर शब्द बसवताना हक्काची याचना व्हावी आणि तरीही चालीने कुरकुर करू नये, हे क्वचितच घडत असावे.

ध्वनिमुद्रणाच्या वेळी डस्टीला हवा तसा घुमारा मिळेना, म्हणून मायक्रोफोन स्टुडिओच्या जिन्यात नेण्यात आला आणि तिथे उभी राहून ती गायली. हे कळल्यापासून मला तिच्या वरच्या सुरांमागे त्या रिकाम्या पायऱ्या ऐकू येतात. ब्रिटनमध्ये ती याच गाण्याने प्रथमच पहिल्या क्रमांकावर पोहोचली.

एल्व्हिस प्रेस्लीने १९७० च्या जूनमध्ये नॅशव्हिल येथे तेच इंग्रजी शब्द गायले. आवाज भरदार आहे, वाद्यमेळही जोरकस आहे, पण ‘कायमचे राहू नकोस’ हे तो असे काही गातो की, समोरच्या व्यक्तीची उठून जायची छाती होऊ नये. मला तो या शब्दांत मुळीच पटत नाही; पाल्लाविचिनीचे ‘तू माझी आहेस’ मात्र त्याला शोभून दिसले असते.

झोपण्यापूर्वी पुन्हा पिनोचीच तबकडी लावली आहे.