घर अर्ध्या तासावर, तरी लेक डॉर्ममध्ये

लेक इथे अमेरिकेत मिशिगन युनिव्हर्सिटीत जाणार हे कळल्यापासून नाशिकहून येणाऱ्या प्रत्येक फोनवर एकच प्रश्न, तुमचं घर कँटनला, कॉलेज अ‍ॅन आर्बरला, गाडीने अर्धा तास लागतो, मग पोरीला हॉस्टेलवर कशाला ठेवताय? सासूबाईंना तर वाटलं घरात काही बिनसलंय. प्रश्न रास्तच आहे. आपल्याकडे हॉस्टेल म्हणजे बाहेरगावच्या मुलांसाठी, ज्याचं घर कोथरूडला तो सीओईपीला गाडीवरून ये-जा करतो, हॉस्टेलचा विचारही त्याच्या मनात येत नाही. इथे उलट आहे. पहिल्या वर्षाची मुलं, ज्यांना इथे फ्रेशमन म्हणतात, ती गावातलीच असली तरी बहुतेक सगळी कॅम्पसवर राहतात, आणि हार्वर्ड किंवा एमआयटीसारख्या ठिकाणी तर पहिल्या वर्षी तसा नियमच आहे. मिशिगनमध्ये सक्ती नाही पण फ्रेशमनला जागा नक्की मिळते आणि घरून येणारं मूल विरळाच.

आता पैशाचं बोलूया, कारण ते बोलल्याशिवाय पुढचं सगळं हवेत राहतं. मिशिगनमध्ये राहणाऱ्यांना फी वर्षाला साधारण १७-१८ हजार डॉलर पडते आणि खोली आणि जेवण मिळून वर १५ हजारांच्या आसपास, म्हणजे अभ्यासाच्या खर्चाला जवळजवळ तेवढाच राहण्याचा खर्च लागून येतो. बाहेरच्या राज्यातून किंवा भारतातून येणाऱ्यांना नुसती फीच ६० हजारांच्या आसपास. त्यामुळे आम्ही पण आधी हिशोबच मांडला होता, घरी राहिली तर किती वाचतील वगैरे. पण मग ज्या मैत्रिणींची मुलं दोन-तीन वर्षं आधी गेली होती त्यांच्याशी बोलले आणि लक्षात आलं की इथे कॉलेजचा अर्धा भाग संध्याकाळी सहानंतर सुरू होतो. कॅल्क्युलसचं गणित अडलं की मुलं रात्री दहाला लाउंजमध्ये जमतात, कुठला प्रोफेसर कसा शिकवतो, कुठल्या लॅबमध्ये मुलं घेतात, हे सगळं जेवताना शेजारच्या टेबलावर कळतं, आणि घरून येणारं मूल तेव्हा हायवेवर असतं.

पण डॉर्मच्या, म्हणजे इथल्या हॉस्टेलच्या, आधी कॉलेज ठरायचं होतं. १ मे ही इथली तारीख, बहुतेक कॉलेजांना तोवर डिपॉझिट भरून कळवायचं असतं. आमच्याकडे शेवटी दोन नावं उरली, एक मिशिगन आणि दुसरं रोझ-हलमन. भारतात रोझ-हलमन फारसं कुणाला माहीत नाही म्हणून सांगते, इंडियानात टेर होटला आहे, फक्त इंजिनीअरिंग आणि सायन्स, सगळी मिळून दोन हजारांच्या थोडी वर मुलं, पीएचडी नाहीच त्यामुळे प्रोफेसर मंडळींचं सगळं लक्ष या पदवीच्या मुलांवर. १९९५ पर्यंत तिथे मुलींना पदवीला प्रवेशच नव्हता. आणि समोर मिशिगन, जिथे नुसती पदवीची मुलंच ३० हजारांच्या वर आणि शनिवारी अमेरिकन फुटबॉलला स्टेडियममध्ये लाखभर माणसं बसतात.

लेक बोलायला कमी. म्हणून घरातले, मित्र, सगळे एका सुरात म्हणत होते की लहान कॉलेज घे, मोठ्यात हरवशील. एप्रिलमध्ये आम्ही दोन्हीकडे जाऊन आलो. रोझ-हलमन मला मनापासून आवडलं, अजूनही आवडतं, ज्या मुलाला पहिल्या दिवसापासून हातात काहीतरी घडवायचंय आणि सरांच्या केबिनचं दार ढकलून आत जायला आवडतं त्याला मी डोळे झाकून तिथे पाठवीन. पण लेकीला इंजिनीअरिंगबरोबर लिहायचंही आहे, लहानपणापासून वह्याच्या वह्या भरते, आणि तिथून परत येताना गाडीत ती म्हणाली, आई इथे सगळे माझ्यासारखेच आहेत, मला न समजणाऱ्या गोष्टी करणारं कुणीतरी शेजारी पाहिजे. मला ते फार पटलं. अबोल मुलाला छोटं कॉलेज हा सरळ हिशोब आपण लावतो पण अबोल मूलही कशाने खुलतं ते प्रत्येकाचं वेगळं असतं, काहींना ओळखीचे चेहरे लागतात, काहींना ओळखीच्या आवडीची चार माणसं पुरतात, बाकी भोवती कितीही गर्दी असू दे.

आणि ती चार माणसं मिळवून द्यायचं काम डॉर्म करतं, हेच मला आज सगळ्यात सांगायचंय.

मिशिगनमध्ये राहायच्या जागा ढोबळ मानाने तीन भागात आहेत. सेंट्रल कॅम्पस, त्याच्या पूर्वेला हिल, आणि नदीपलीकडे नॉर्थ कॅम्पस. आमच्या ओळखीत सगळ्यांचा सल्ला होता की इंजिनीअरिंग आहे ना मग नॉर्थ, बर्सली हॉल मागा, इंजिनीअरिंगच्या इमारती तिकडेच आहेत. ते खरंच आहे, पण पहिल्या वर्षी गणित, केमिस्ट्री, फिजिक्स हे सगळं मुख्यतः सेंट्रलला असतं, म्हणजे नॉर्थला राहणारं मूल रोज निळ्या बसने इकडे येणार. बस फुकट आहे आणि सारखी असते, पण जानेवारीत बर्फात बसस्टॉपवर उभं राहणं रोजचंच होतं. तरी नॉर्थची मुलं सांगतात की तिथे शांतता आहे, झाडी आहे आणि बसमधल्या त्या पंधरा मिनिटांत घट्ट दोस्ती होते. म्हणजे वाईट अजिबात नाही, कुणाला काय हवंय त्यावर आहे.

इथे एक सोय आहे ती मात्र नीट वाचा, कारण फॉर्म भरताना घाईत ही जागा सुटून जाते. लर्निंग कम्युनिटी म्हणून प्रकार असतो, म्हणजे एखाद्या हॉलचा एक भाग एका आवडीच्या मुलांसाठी राखलेला, तिथेच राहायचं आणि त्यातले एखाद-दोन कोर्सही तिथेच एकत्र करायचे. ईस्ट क्वॉडमध्ये १९६७ पासून रेसिडेन्शियल कॉलेज आहे, तिथे भाषा आणि कला यांवर भर. आणि हिलवर अ‍ॅलिस लॉईड हॉलमध्ये लेखन आणि कला यांची कम्युनिटी आहे, ती इंजिनीअरिंगच्या मुलांनाही खुली. अ‍ॅलिस लॉईड या पूर्वी इथे डीन ऑफ विमेन होत्या, त्यांचं नाव हॉलला दिलंय. लेकीने हाउसिंगच्या अर्जासोबत छोटे निबंध लिहून दिले आणि तिला ती मिळाली. आता तिच्या मजल्यावर एक मुलगी चित्रं काढते, एक जण बासरी वाजवतो, एकाला बायोलॉजी करायचंय पण नाटकं लिहितो, आणि ३० हजारांचं कॉलेज तिच्यासाठी दीडशे-दोनशे जणांचं झालं, ज्यांची नावं तिला येतात.

प्रत्येक ठिकाणी अशी निवड हातात नसते हेही माहीत असू द्या. येल आणि राइस या युनिव्हर्सिट्यांत रेसिडेन्शियल कॉलेजं, म्हणजे मुलांनी राहायचे वेगवेगळे गट आणि त्यांच्या इमारती आहेत, येलला १४, आणि तिथे मुलाला कुठे टाकायचं ते युनिव्हर्सिटीच ठरवते, पुढची वर्षं तेच त्याचं घर. हार्वर्डला पहिलं वर्ष यार्डात, म्हणजे कॅम्पसच्या जुन्या भागात काढायचं आणि मग मित्रांचा गट करून हाउससाठी, म्हणजे पुढच्या वर्षांच्या डॉर्मसाठी, सोडतीत बसायचं. एमआयटीला बरोबर उलट, प्रत्येक डॉर्मचा स्वभाव वेगळा, काही ठिकाणी मांजर पाळता येतं, काही ठिकाणी मेस नाहीच, स्वतः रांधून खायचं, आणि तिथली मुलं आपापल्या डॉर्मचे व्हिडिओ करून नव्या मुलांना दाखवतात. तेव्हा कॉलेज बघताना हे विचाराच, की जागा कोण ठरवतं, आणि जमलं नाही तर बदलता येते का.

रूममेटबद्दल आईबापांना सगळ्यात भीती. मुलं हल्ली इन्स्टाग्रामवर एकमेकांना शोधतात, झोपायची वेळ, एसी, घोरणं सगळं आधी विचारून घेतात. लेकीने शोधलं नाही, जी येईल ती म्हणाली, आणि अप्पर पेनिन्सुलाच्या, म्हणजे मिशिगनच्या उत्तरेकडच्या भागातल्या, एका छोट्या गावातली मुलगी आली जिने त्याआधी पोहे कधी पाहिले नव्हते. दोघींनी पहिल्याच आठवड्यात आरएसोबत, म्हणजे मजल्यावरची मोठी विद्यार्थिनी असते तिच्यासोबत, बसून कागदावर लिहून काढलं, दिवे कधी बंद, पाहुणे कधी चालतील, कुणाचं काय वापरायचं नाही. मला हे फार आवडलं, कुरबुर व्हायच्या आधीच बोलून मोकळं.

शाकाहारी मुलांची काळजी असेल तर ईस्ट क्वॉडच्या डायनिंग हॉलमध्ये शाकाहारी आणि व्हीगन काउंटर वेगळं आहे. चादरी भारतातून आणू नका, डॉर्मचा पलंग ट्विन एक्सएल म्हणजे ८० इंच लांब, आपली सिंगल चादर पायाकडून निघून येते. आणि मार्क कॉलेज आपल्याला कळवत नाही, १९७४ च्या फेर्पा कायद्याने ते मुलाचे, त्याने सांगितले तरच कळतात. वहिनींना हे ऐकून धक्का बसला होता कारण भाचा पुढच्या वर्षी यायचं म्हणतोय.

त्याच्यासाठी मी जे आत्ताच शोधतेय ते शेवटी सांगते, कारण भारतातून पोरं पाठवणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही. नाताळच्या सुट्टीत बऱ्याच कॉलेजांची डॉर्म्स बंद होतात, दोन-तीन आठवडे, मुलाला खोलीत राहता येत नाही किंवा वेगळे पैसे भरून परवानगी काढावी लागते. थँक्सगिव्हिंगला, म्हणजे नोव्हेंबरअखेरच्या सणाच्या सुट्टीत, तर सगळं कॅम्पस ओस पडतं. डिपॉझिट भरायच्या आधी हाउसिंग ऑफिसला ईमेल करून विचारा की ब्रेकमध्ये कुठले हॉल उघडे असतात, त्यांचा मेस चालू असतो का, आणि अर्जात तोच हॉल पहिला टाका. अ‍ॅन आर्बरला कुणाचं मूल येत असेल तर थँक्सगिव्हिंगला आमच्याकडे कँटनला पाठवा, लेक घरी येतेच, तिच्यासोबत गाडीत जागा असते.