बटणाखालचं कापड: जुन्या गोल्फ कोटांसोबतची आमची वाटचाल

ब्रिटनमधल्या लिलावांतून जुने गोल्फचे कोट आणायचे, नीट करायचे आणि संग्राहकांना द्यायचे, हे आमच्या पुण्यातल्या छोट्या पेढीचं काम. सुरुवातीला आम्ही रंग बघून माल घ्यायचो. लाल लोकर, पिवळी बटणं, म्हणजे गोल्फ. या समजुतीला आधार होता: स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज गावच्या गोल्फरांनी 1780 मध्ये जाकिटं खराब झाली म्हणून लाल कापड आणि पिवळी बटणं असा नवा पोशाख ठरवला. लंडनजवळच्या विम्बल्डन कॉमनसारख्या सार्वजनिक माळावर फिरणाऱ्यांना खेळाडू लांबून दिसावा म्हणूनही लाल रंग सोयीचा. तिथे गोल्फ खेळताना आजही अंगात लाल कपडा लागतो. पण शिकारीचे कोटही लाल आणि लष्करी मेसची जाकिटंही लाल. बटणं बदलली की झाला गोल्फचा कोट! अशी फसगत झाल्यावर आमची बघण्याची रीतच बदलली.

आता कोट आला की आधी बटण अलगद कलतं करून खालचं कापड बघतो. जुनं बटण वर्षानुवर्षं एकाच जागी असेल, तर त्याच्याखाली न विटलेल्या गडद लाल रंगाचा गोल दिसतो आणि मागच्या कडीने लोकर दाबली गेलेली असते. बटणापेक्षा हा गोल मोठा, किंवा शेजारी सुईची जुनी भोकं, म्हणजे बटण नंतर लावलेलं. काजही तपासावं, बटण त्यातून सैल निसटत असेल तर ते त्या कोटाचं नसण्याचीच शक्यता जास्त. बटणामागे कारखानदाराचं नाव-पत्ता असेल तर बटणाचा काळ कळतो, कोटाचा नाही. मग आतल्या खिशात हात घालायचा. ब्रिटिश शिंपी तिथे गिऱ्हाइकाचं नाव आणि तारीख लिहिलेली पट्टी शिवत. लांब सरळ शिवणी मशीनच्या असतील तर कोट 1800 च्या आसपासचा, हा दावा तिथेच संपतो. हाताची शिवण मात्र जुनेपणाचा पुरावा नव्हे. चांगले शिंपी काजं हातानेच करत राहिले.

इथे आल्यावर खरी भीती कसरीची, म्हणजे लोकर खाणाऱ्या किडीची. कोट पॉलिथीनमध्ये घालून हवा काढतो, उणे 20 अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये 2 आठवडे ठेवतो. बाहेर काढल्यावर पिशवी 24 तास उघडायची नाही. घाई केली की गार लोकरीवर दव धरतं आणि अस्तरावर पाण्याचे डाग पडतात. नंतर जाळी ठेवून कमी ओढीच्या व्हॅक्यूमने अळ्यांची घाण काढायची. डांबराच्या गोळ्या आम्ही वापरत नाही. पितळी बटणांना पॉलिशही नको. कडेच्या लोकरीत पांढरी भुकटी बसते ती कायमची, आणि मुलामा घासला जातो तो वेगळाच.

रेशमी अस्तराबाबत हात आखडता घ्यावा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेशमाचं वजन वाढवायला त्यात कथलाचे क्षार भरत. असं रेशीम काखेत आणि घड्यांवर उभं चिरत जातं. त्यात टाके घातले की सुईच्या भोकांपासून नवी चीर सुरू होते. आम्ही वरून पातळ रेशमी जाळी अंथरतो आणि ती फक्त शाबूत शिवणींना धरून टाचतो. कोट टांगून न ठेवता खोक्यात आडवा, खांद्यांत आम्लमुक्त टिश्यूची गुंडाळी. पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद केलेला कोट हमखास बुरसतो.

पुढे नॉरफोक जाकिटं, म्हणजे चुण्या आणि कमरपट्टा असलेली जाकिटं, आणि प्लस-फोरही घ्यायला लागलो. प्लस-फोर म्हणजे गुडघ्याखाली 4 इंच जास्त कापड सोडलेली, खाली पट्टीत बांधलेली तुमान. या तुमानीची पट्टी आधी उलटून बघावी, कसर तिथल्या घडीत लपते. मुंबईत 1842 मध्ये गोल्फ क्लब निघाला, त्यामुळे तिथला कोट म्हणून बरंच काही दाखवायला आणतात. क्लबच्या चिन्हाचं बटण, त्याखालचा गोल आणि शिंप्याची पट्टी हे तिन्ही जुळल्याशिवाय आम्ही पावतीवर क्लबचं नाव लिहीत नाही. नुसतं ‘लाल लोकरी कोट’ लिहितो आणि किंमतही तेवढीच लावतो.