ताईच्या वहीतले थांबे

पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीतून आमची गाडी रात्री आठला निघाली. मागे साडेतीनशेच्या वर कांद्याच्या गोण्या, म्हणजे अठरा टनांच्या आसपास माल. त्यावर ताडपत्री, ताडपत्रीवर आवळलेले दोर. माल आग्र्याला चालला होता, मी इंदूरला उतरणार होते. स्टिअरिंगवर माझी आतेबहीण, वय ५१. तिला आम्ही सगळे ताईच म्हणतो. शेजारच्या सीटवर दाजी आणि दोघांच्या मागच्या बाकड्यावर, गोधडी अंथरून, मी.

दाजींनी तीस वर्षं ट्रक चालवला. मग शुगर डोळ्यांत उतरली आणि लायसन्स रिन्यू करायच्या वेळी डॉक्टरांनी मेडिकलवर सही केली नाही. गाडीचे हप्ते चालूच होते. बाहेरचे ड्रायव्हर ठेवून पाहिले, डिझेलचा हिशेब काही लागेना. एका रात्री भाकरी थापता थापता ताई म्हणाली, "मीच शिकते." दाजींनी मला हे सांगितलं तेव्हा पुढे म्हणाले, "मी हो म्हणालो नाही अन् नाही पण म्हणालो नाही. सकाळी उठून चावी तिच्या डब्याशेजारी ठेवली."

हेवीचं लायसन्स एका दमात मिळत नाही. आधी हलक्या वाहनाचं काढायचं, त्याला वर्ष झालं की मगच ट्रान्सपोर्टच्या लर्निंगला अर्ज करता येतो. त्यात पूर्वी आठवी पासची अट होती आणि ताईची शाळा सातवीत सुटलेली, धाकट्या भावंडांना सांभाळायला. ती अट केंद्र सरकारने २०१९ मध्ये काढून टाकली. ताईच्या वयाच्या कितीतरी बायकांची शाळा अशीच कोणाच्या तरी सोयीसाठी सुटली. तेव्हा घरात बसवलं म्हणून आता गाडीतही बसू द्यायचं नाही, असा तो हिशेब होता. तो मिटला याचा मला मनापासून आनंद आहे.

दोन ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांनी तिला परत पाठवलं. तिसऱ्या मास्तरांनी एवढंच विचारलं, "पहाटे सहाला येशील?" ताई साडेपाचला हजर. सत्तेचाळिसाव्या वर्षी हेवीचं लायसन्स हातात पडलं.

ती उंचीने बेताची. क्लच पुरता दाबता यावा म्हणून पाठीमागे चौघडी केलेली गोधडी ठेवते. सलवार, वर दाजींचा जुना शर्ट, केसांना घट्ट रुमाल. निघण्याआधी टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, घेऊन तिने दहाच्या दहा टायर ठोकले आणि प्रत्येक आवाजाला क्षणभर थांबली. एका टायरपाशी पुन्हा ठोकलं. "हवा कमी आहे," म्हणाली. होतीच.

चांदवड आलं तसा तिने रेणुकामातेच्या दिशेने हात छातीला लावला आणि गिअर खाली आणला. पुढे राहूड घाटाचा उतार. उतारावर सारखा ब्रेक दाबत राहिलं की ड्रम तापतात आणि ऐन वेळी लायनिंग पकड सोडते. म्हणून ज्या गिअरने घाट चढायचा त्याच गिअरने उतरायचा, हा दाजींनी शिकवलेला पहिला धडा. इंजिनाच्या जोरावर गाडी रोखणारा एक्झॉस्ट ब्रेक घोगरा आवाज करत होता, ताईची नजर रस्त्यावरून ब्रेकच्या हवेच्या काट्यावर आणि काट्यावरून आरशात. मागून एक कंटेनर डिपर मारत होता. तिने त्याला जागा दिली, वेग तिळभर वाढवला नाही.

तेवढ्यात माझं लक्ष दाजींच्या पायाकडे गेलं. प्रत्येक वळणाला त्यांचा उजवा पाय समोरच्या मॅटवर दाबला जात होता, जणू तिथे ब्रेक आहे. ती मॅट नेमकी तेवढ्याच जागी झिजून गुळगुळीत झाली होती. तोंडाने मात्र ते एक अक्षर बोलले नाहीत. घाट संपल्यावर म्हणाले, "अगं, सुपारी दे." आणि ताई हसली.

मालेगाव, लळिंगचा किल्ला अंधारात, मग धुळे. मला तहान लागली म्हणून मी बाटली तोंडाला लावली तर ताई आरशातून म्हणाली, "बेतानं पी गं. पुढचा थांबा सव्वा तासावर आहे."

तेव्हा मला या प्रवासातली खरी गोष्ट कळली. घरून निघताना मला वाटत होतं की या वयात एवढं धूड चालवणं हेच अवघड असणार. ते ती शिकली. अवघड आहे ते थांबणं. पुरुष ड्रायव्हर गाडी कुठेही कडेला घेतो, दोन मिनिटांत परत चढतो. ताईला गाडी उभी करायला जागा हवी, उजेड हवा, दाराला कडी हवी. ते नसेल तर ती पाणी पीत नाही. पहिल्या वर्षी तिला दोनदा लघवीचा संसर्ग झाला, ताप अंगावर घेऊन तिने गाडी आणली. हे तिने मला आईला सांगू नकोस म्हणून सांगितलं होतं, पण लिहिण्यापूर्वी मी तिची परवानगी घेतली. "लिही," म्हणाली. "पंपवाल्यांना कळू दे."

तापी ओलांडून शिरपूर मागे टाकलं आणि एका पंपावर गाडी घेतली. डिझेल भरलं. बायकांच्या स्वच्छतागृहाला कुलूप. चावी मॅनेजरकडे, मॅनेजर घरी. भरणारा पोरगा ओशाळून म्हणाला, "काकू, रात्री कोण बायका येतात?" ताई चिडली नाही. "मी येते की रे बाळा. महिन्यातून चारदा येते."

गाडीत बसून तिने सनशेडमधून एक वही काढली. शंभर पानी, कव्हरवर हळदीचे डाग. आतमध्ये पिंपळगावपासून आग्र्यापर्यंतचे थांबे, तिच्या गोल गोल अक्षरात. "पाणी आहे, दिवा नाही." "कडी आतून लागते." "हॉटेलवाल्याची आई असते, चांगली आहे." एका पानावर नुसतं "नको" आणि त्याखाली दोन रेघा. हमरस्त्याचे नकाशे पुष्कळ पाहिले आहेत, पण असा नकाशा मी कधी पाहिला नव्हता.

पळासनेरच्या आधी वहीतला एक थांबा होता. छोटा ढाबा, मागे घर. तिथल्या वहिनींनी ताईचा आवाज ऐकून आतलं दार उघडलं, आम्हाला घरातली मोरी दाखवली आणि चहा टाकला. दीड वाजला होता. दाजी खाटेवर लवंडले, ताई चुलीजवळ बसली. भिंतीवरच्या टीव्हीत आवाज बंद करून काहीतरी चालू होतं. वहिनींनी विचारलं, "लेकाचं लग्न ठरलं का?" असा तासभर गेला. ताई म्हणाली की पहिल्यांदा इथे आली तेव्हा खाटेवरच्या पाच-सहा ड्रायव्हरांचं बोलणं थांबलं होतं. आता ते टायरचे भाव विचारतात.

योगिता रघुवंशींचा विषय तिनेच काढला. नंदुरबारच्या, वकिलीचं शिक्षण घेतलेल्या, पतीच्या निधनानंतर भोपाळहून ट्रक चालवू लागलेल्या. त्यांचे व्हिडिओ ताईने शिकत असताना पाहिले होते. "त्या बाई एकट्या निघतात. माझ्याबरोबर हे आहेत," म्हणाली. २०२३ मध्ये एसटीच्या स्टिअरिंगवर पहिल्यांदा बायका बसल्या, तेव्हा तो फोटो तिने सगळ्या नातेवाइकांना पाठवला होता. मलाही आला होता. मी नुसता अंगठा दाखवून मोकळी झाले होते, याची आज रुखरुख वाटते.

बिजासन घाट आम्हाला चढायचा होता. समोरून उतरणाऱ्या गाड्यांसाठी हा घाट वाईट. जुलै २०२३ मध्ये पळासनेरजवळ ब्रेक निकामी झालेला कंटेनर हॉटेलात घुसला आणि कितीतरी माणसं गेली. ताई चढावर डाव्या कडेने, दुसऱ्या गिअरमध्ये, माणूस चालेल त्या वेगाने. इंजिनची धग केबिनमध्ये येत होती. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा केला आहे, ही गाडी त्याच्या कितीतरी आधीची. ताईच्या मानेवरून घाम ओघळत होता. दाजी दर थोड्या वेळाने ओल्या रुमालाने तिची मान पुसत होते. दोघं काही बोलत नव्हती.

खलघाटला नर्मदेच्या पुलावर उजाडलं. दाजी "नर्मदे हर" म्हणाले, ताईने काच खाली करून गार हवा आत घेतली आणि पहिल्यांदा पोटभर पाणी प्यायली. पुढचा थांबा जवळ होता.

इंदूरच्या बायपासला मी उतरले. ताईने वही माझ्या हातात दिली. "तुझं अक्षर बरं आहे. शिरपूरच्या पुढचा पंप लिही."

मी उभ्या उभ्या, चाकाच्या मडगार्डवर वही टेकवून लिहिलं: "शिरपूरच्या पुढे, डाव्या हाताला. रात्री कुलूप."

तिने वाचलं, पेन मागून घेतलं आणि खाली स्वतः लिहिलं, "पोरगा चांगला आहे. पुढच्या खेपेला चावी ठेवतो म्हणाला."