एअरसॉफ्ट पिस्तुलावरचा चरा घासायच्या आधी

"धातूच्या एअरसॉफ्ट पिस्तुलावर बारीक चरे पडलेत, कसे घालवू?" जळगाव-धुळ्याकडच्या हौशी पोरांकडून, कधी त्यांच्या वडिलांकडूनही, हा प्रश्न मला सारखा येतो. पाठोपाठ दुसरा ठरलेला: "सराफ बाजारात बफ मारून आणू का, भाऊ?" तुम्हीही विचारलंत म्हणून सविस्तर सांगतो.

बफ अजिबात मारू नका. सोन्याचा दागिना घासला तरी खाली सोनंच लागतं. सहा मिलिमीटरच्या प्लॅस्टिक गोळ्या उडवणाऱ्या या पिस्तुलाचं तसं नाही. त्याची स्लाइड, म्हणजे वरचा मागेपुढे सरकणारा भाग, बहुतेक वेळा जस्ताच्या मिश्रधातूची, जरा महागातली असेल तर अ‍ॅल्युमिनियमची. काळा रंग म्हणजे वरचा पातळ थर, आणि चरा पडतो तो या थरावर. तो दिसेनासा होईपर्यंत घासायचं तर आजूबाजूचा थरही तेवढाच उतरवावा लागतो. मग केसाएवढी रेघ जाते आणि रुपयाएवढा पांढरा डाग उरतो. टूथपेस्ट आणि गाडीचं रबिंग पॉलिशही तेच करतात. थर नाही गेला तरी मॅट काळ्यावर तेवढाच चकाकता पट्टा उठतो, आणि तो चऱ्यापेक्षा जास्त डोळ्यांत भरतो. पितळ घासायची पावडर, चिंच, लिंबू तर लांबच ठेवा. आंबट लागलं की जस्त खाल्लं जातं.

आता काय करायचं ते. मॅगझिन (मुठीत बसणारा गोळ्यांचा खोका) काढा, त्यात गॅस असेल तर तो सोडा, स्लाइड मागे ओढून नळी रिकामी आहे ना ते डोळ्यांनी बघा. मग त्या रेघेवरून आडवं नख फिरवा. नख अडकत नसेल तर थांबा, कारण बऱ्याचदा तो चरा नसतोच. होल्स्टरचं (पिस्तूल अडकवायच्या म्यानाचं) प्लॅस्टिक घासून त्याची पूड चिकटलेली असते, नाहीतर पट्ट्याच्या पितळी बकलाची पिवळट रेघ उमटलेली असते. मेडिकलमध्ये आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं. ते इअरबडवर घ्या, आधी स्लाइडच्या खालच्या, न दिसणाऱ्या बाजूला लावून रंग सुटत नाही ना ते बघा, आणि मग रेघेच्या दिशेने हलक्या हाताने फिरवा. बडवर करडी-पिवळी घाण आली आणि खाली काळा रंग शाबूत दिसला की काम झालं. घरात थिनर आहे म्हणून थिनर वापरू नका, अ‍ॅसिटोनही नको. दोन्ही रंग सोडवतात.

खानदेशात चऱ्यांचं मोठं कारण धूळ. उन्हाळ्यात वावटळी उठल्या की बंद कपाटातही ती जाऊन बसते, आणि तिच्यात गारगोटीचे बारीक कण असतात. पदार्थ किती कठीण ते सांगणाऱ्या मोह्सच्या मापनात गारगोटी ७, जस्त साधारण अडीच. अशी धूळ बसलेली स्लाइड कोरड्या फडक्याने करकचून पुसली की कोळिष्टकासारख्या रेघा पडणारच. आधी मऊ ब्रशने धूळ झटका, मग पुसा.

नख अडकलं तर मात्र तो खरा चरा. तिथे आधी लोहचुंबक लावून बघा. भुसावळ-वरणगावला ऑर्डनन्स फॅक्टऱ्या असल्याने आमच्याकडे ब्लूइंगबद्दल, म्हणजे पोलादाला रसायनाने निळा-काळा रंग आणण्याबद्दल, ऐकलेलं कोणी ना कोणी भेटतंच, आणि 'कोल्ड ब्लू लाव' असा सल्ला मिळतो. पण ते द्रावण पोलादासाठी आहे. चुंबक चिकटला नाही तर त्याचा विचार सोडा. चऱ्यात लालसर झाक दिसली तर वर मुलामा आहे, आणि त्याच्याखालचा तांब्याचा थर उघडा पडलाय. तिथे तर पॉलिश पेपर लावूच नका. अ‍ॅल्युमिनियम काळं करायचं द्रावण वेगळं येतं. त्यात सेलेनियमची संयुगं असतात, हातमोजे घालून उघड्या हवेत वापरा.

रंगाच्या थरावरचा चरा रंगानेच बुजतो. पण ग्रीन गॅसवर चालणारं पिस्तूल असेल तर एक अडचण असते. त्या गॅसमध्ये प्रोपेनसोबत सिलिकॉन तेल असतं, आणि ते स्लाइडवर हलकेच पसरलेलं राहतं. त्यावर रंग धरत नाही, लावल्या लावल्या माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. म्हणून अल्कोहोलने पुसा, फडकं बदला, पुन्हा पुसा, आणि नंतर तिथे बोट लावू नका. मॅट काळ्या रंगाचा अगदी थोडा थेंब टूथपिकच्या टोकावर घ्या आणि फक्त चऱ्याच्या खोबणीत सोडा. काठावर आलेला रंग ओला असतानाच टिपून घ्या. एक थर पूर्ण वाळला की दुसरा. मे महिन्यात भर दुपारी हे करू नका, रंग पसरायच्या आधीच सुकतो. पावसाळी दमट हवेतही नको. हिवाळ्यात ऊन वर आल्यावरची वेळ उत्तम. हात चाललाच आहे म्हणून नळीच्या टोकाचा केशरी रंग काळा करू नका, ही माझी कळकळीची विनंती. लांबून बघणाऱ्याला हे पिस्तूल खरंच वाटतं. बाहेर न्यायचं तर बंद बॅगेतूनच न्या.

चंदेरी, ब्रश फिनिशची आणि वर रंग वा मुलामा नसलेली स्लाइड असेल तर काम सोपं. बारीक नायलॉन पॅड मूळ रेघांच्याच दिशेने, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, न थांबता फिरवा. मध्येच गोल घासलंत तर ते कायम दिसत राहील.

आणि स्लाइड काढल्यावर आत, फ्रेमच्या (खालच्या सांगाड्याच्या) खाचांवर ज्या चकचकीत रेघा दिसतात, त्यांना काही करायचं नाही. धातूवर धातू सरकला की त्या येतातच. तिथे रंग लावलात तर तो सुटून खाचेत साचतो आणि स्लाइड अडकायला लागते. सिलिकॉन तेलाचा एक थेंब दोन्ही बाजूंना सोडा, स्लाइड चार-पाच वेळा मागेपुढे करा आणि वर आलेलं तेल पुसून घ्या.