वेल्सच्या डोंगरातला तो 'खट्' आवाज आणि आमच्या कॅम्परचे पुढचे सस्पेन्शन

वेल्समधल्या डोंगराळ रस्त्यांवर चरणाऱ्या मेंढ्या कुरणाबाहेर जाऊ नयेत, म्हणून ठिकठिकाणी रस्त्याच्या रुंदीभर लोखंडी पाइपांची जाळी बसवलेली असते. गेल्या ऑक्टोबरमध्ये अशाच एका जाळीवरून जाताना आमच्या कॅम्पर व्हॅनच्या डाव्या पुढच्या चाकाकडून 'खट्' असा आवाज आला आणि पुढच्या जाळीवर तो पुन्हा आला. आमची गाडी म्हणजे 1990च्या दशकाच्या अखेरची फियाट डुकाटो. पलंग, शेगडी, पाण्याची टाकी असा संसार पाठीवर घेऊन ती कायम आपल्या वजनमर्यादेच्या जवळ चालते आणि हिवाळ्यात इथल्या रस्त्यांवर बर्फ धरू नये म्हणून टाकलेले मीठ तिच्या पोटाला वर्षानुवर्षे लागत आले आहे. इतक्या वर्षांनी सस्पेन्शनचे, म्हणजे चाके गाडीला जोडून धक्के झेलणाऱ्या यंत्रणेचे, रबर आणि सांधे झिजणारच.

आवाजाकडे दुर्लक्ष करणे शक्य नव्हते, कारण महिन्याभराने गाडीची एमओटी, म्हणजे ती रस्त्यावर चालवण्यायोग्य आहे का याची सक्तीची तपासणी, होती. इथे तीन वर्षांहून जुन्या गाडीला दरवर्षी ही तपासणी करून घ्यावी लागते. 2018 पासून दोषांचे धोकादायक, गंभीर आणि किरकोळ असे वर्ग केले आहेत आणि पहिल्या दोहोंपैकी एकही आढळला तर गाडी नापास होते. एका गॅरेजने दोन्ही बाजूंचे लोअर आर्म (चाक सांगाड्याशी जोडणारे खालचे दांडे) आणि दोन्ही शॉकॲब्सॉर्बर बदलण्याचा अंदाज 640 पौंड दिला. त्यांचा हिशेब चुकीचा नव्हता, पण तेवढे पैसे आमच्याकडे नव्हते. म्हणून नेमके काय झिजले आहे ते आधी शोधायचे आणि तेवढेच बदलायचे, असे मी ठरवले. कमी पैशांतल्या दुरुस्तीत सर्वांत मोठी बचत सुटे भाग स्वस्त मिळवण्यात नसून निदान अचूक करण्यात आहे, असे माझे ठाम मत आहे.

निदानाला सपाट जागा, जॅक, भक्कम स्टँड, एक पहार आणि एक मदतनीस पुरतो. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये. जुन्या गाडीत जॅक लावायची जागाही गंजलेली असू शकते, म्हणून ती आधी ठोकून पाहावी. चाक उचलून वर-खाली धरून हलवल्यावर ते किंचित डुलले. असा ढिलेपणा चाकाच्या बेअरिंगमुळे येतो किंवा बॉल जॉइंटमुळे, म्हणजे आर्म चाकाच्या बाजूला जोडणाऱ्या गोलाकार सांध्यामुळे. पत्नीने ब्रेक दाबून धरल्यावरही तो तसाच राहिला, तेव्हा बेअरिंग ठीक असून बॉल जॉइंट गेला आहे हे कळले. कारण ब्रेक दाबला की चाकाचा हब आणि तो धरून ठेवणारा धातूचा भाग, म्हणजे नकल, एकमेकांना जखडले जातात आणि बेअरिंगचा खेळ नाहीसा होतो. डावी-उजवीकडे हलवल्यावर काहीच जाणवले नाही, म्हणजे स्टिअरिंगला चाकांशी जोडणारे टाय रॉड शाबूत होते. पहारीने आर्मला हलका रेटा दिला, तर त्याच्या मागच्या बुशचे, म्हणजे आर्म सांगाड्याला जोडणाऱ्या रबरी सांध्याचे, रबर फाटून त्याच्या दोन ओठांमधून पलीकडचा उजेड दिसत होता. वळणावर गाडीचे कलणे कमी करणाऱ्या अँटी-रोल बारला जोडणाऱ्या दोन्ही लिंकही सैल झाल्या होत्या. शॉकॲब्सॉर्बर मात्र कोरडे होते, तेल गळल्याची खूण नव्हती आणि स्प्रिंगचा सर्वांत खालचा वेढा, जिथे ती बहुधा तुटते, अखंड होता. उजव्या बाजूचा आर्म अजून घट्ट होता.

सुटे भाग शोधताना एक माहिती फार उपयोगी पडली. इटलीत अटेसा येथील एकाच कारखान्यात फियाट डुकाटो, प्यूजो बॉक्सर आणि सिट्रोएन जंपर या तिन्ही व्हॅन तयार होत आल्या आहेत. ब्रिटनमध्ये यांतली जंपर 'रिले' या नावाने विकली जाते. त्यामुळे त्या काळातल्या या गाड्यांचे पुढच्या बाजूचे बरेच भाग एकमेकांना चालतात आणि तोच आर्म तीन नावांनी तीन किमतींना मिळतो. गाडीच्या वजनाच्या वर्गानुसार मात्र भाग बदलतात, म्हणून मागणी नेहमी चॅसिस नंबरवरून करावी. नुसता बुश विकत घेऊन तो दाबून बसवायला हायड्रॉलिक प्रेस लागतो. म्हणून बुश आणि बॉल जॉइंटसह अख्खा आर्मच घेतला, तो मला 68 पौंडांना पडला. दोन लिंकचे 26 आणि नव्या बोल्टांचे 9 पौंड झाले. टॉर्क पाना, म्हणजे बोल्ट ठरावीक जोराने आवळला की टिक वाजणारा पाना, शेजाऱ्यांनी दिला. ते निवृत्त बस-मेकॅनिक आहेत आणि दोन दिवस ते माझ्याबरोबर उभे राहिले, याबद्दल मी त्यांचा मनापासून ऋणी आहे.

गंजलेल्या बोल्टांवर गंज सोडवणारे तेल तीन संध्याकाळ आधीपासून टाकत राहिलो, तरी लिंकचा एक नट शेवटी करवतीने कापावाच लागला. त्यापुढचे सुटे करणे सरळ होते.

खरे काम परत बसवताना होते. आर्मच्या बुशमधले रबर आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही नळ्यांना चिकटवलेले असते. बोल्ट आवळला की आतली नळी गाडीच्या सांगाड्याशी घट्ट होते आणि चाक वर-खाली होताना फिरण्याचे सगळे काम रबराच्या पिळावर येते. चाक लोंबकळत असताना बोल्ट आवळला, तर रबर ती लोंबती स्थिती हीच आपली मूळ स्थिती धरते. मग गाडी खाली उतरवताच ते कायमचे पिळलेले राहते आणि नवा बुश काही महिन्यांत फाटतो. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी, टाकीत नेहमीइतके पाणी ठेवून, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मी मोजून भिंतीवर खडूने लिहिले होते. नवा आर्म लावल्यावर बोल्ट फक्त हाताने बसवले, आर्मखाली दुसरा जॅक लावून तेवढेच अंतर येईपर्यंत तो उचलला आणि मगच पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कने आवळले. पान्याचा टिकटिक आवाज झाल्यावर शेजाऱ्यांनी प्रत्येक बोल्टवर पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढली, म्हणजे पुढे तो सैल झाला तर रेघ तुटलेली दिसेल.

एक गोष्ट मी केली नसती. स्प्रिंग तुटलेली असती, तर स्वस्तातला स्प्रिंग-कॉम्प्रेसर आणून ती स्वतः सोडवण्याचे धाडस मी केले नसते. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये हात तोडण्याइतकी ताकद असते. अशा वेळी अख्खा स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बरचा जोड, काढून गॅरेजमध्ये न्यावा आणि तेवढ्याच कामाची मजुरी द्यावी.

आर्म बदलला की चाकांची दिशा किंचित सरकते, त्यामुळे 48 पौंड देऊन व्हील अलाइनमेंट करून घेतले. ते टाळले असते तर नवे टायर एका बाजूने झिजले असते. सगळा खर्च 151 पौंडांवर थांबला. एमओटीचे 54.85 पौंड वेगळे. मोटारीसाठी त्याहून जास्त शुल्क घेता येत नाही. गाडी पास झाली, पण अहवालात उजव्या आर्मच्या बुशला बारीक चिरा असल्याची सूचना आली. ही नोंद गाडीच्या नंबरवरून कोणालाही सरकारी संकेतस्थळावर पाहता येते, म्हणून जुनी गाडी घेणाऱ्याने आधी तिथल्या मागच्या वर्षांच्या सूचना वाचाव्यात.

त्यानंतरच्या रविवारी त्याच रस्त्याने गेलो. जाळीवरून जाताना चाकांची घरघर ऐकू आली, पण 'खट्' आवाज आला नाही. उजव्या बाजूचा आर्म एप्रिलमध्ये बदलायचा आहे आणि भिंतीवरचा खडूचा आकडा मी अजून पुसलेला नाही.